वळवळ्याला पाणी सापडलं

वळवळ्याने घंटा वाजवली तेव्हा शाल्मली तोंड धूत होती. ही साधी घंटा नव्हती. "ही घंटा तो आयुष्यात एकदाच वाजवेल, आणि तीही मंगळावर," असं आबांनी तिला सांगितलं होतं. आणि आता ती परभणीत, घराच्या मागच्या अंगणात वाजत होती.

शाल्मली तशीच ओल्या तोंडाने पळाली. आबा चहाचा कप हातात घेऊन धावत आले. निम्मा चहा सदऱ्यावर सांडला होता.

"प्रमुख!" वाफ्याच्या मातीतून आवाज आला. "द्रव पाणी सापडलं आहे. खोली एक वीत. प्रमाण भरपूर. ही फार मोठी बातमी आहे. पृथ्वी केंद्राला कळवू का?"

"नको, नको!" आबा म्हणाले. "तू पृथ्वीवरच आहेस."

मातीखाली गिरमिटाची घरघर थांबली.

"मग ही बातमी नाही?"

"आहे," आबा हळू म्हणाले. "माझ्यासाठी आहे."

वळवळ्या म्हणजे यंत्र-गांडूळ. हातभर लांब, अंगठ्याएवढा जाड, डोक्याला बारीक गिरमिट. शाल्मलीचे आजोबा, डॉक्टर त्र्यंबक कौसडीकर, मंगळाच्या मातीचे शास्त्रज्ञ होते. त्यांच्या संस्थेने अशी पुष्कळ गांडुळं मंगळावर पाठवली. हा एक जास्तीचा, चाचणीसाठी ठेवलेला. आबा निवृत्त झाले तेव्हा तोही त्यांच्याबरोबर घरी आला. त्याचं सगळं शिक्षण मंगळाचं. तिथली माती कोरडीठाक. तिथे एक थेंब सापडला तरी सगळ्या जगाला सांगायचं, एवढंच त्याला शिकवलेलं.

त्याला वाफ्यात सोडायची कल्पना शाल्मलीची. ती दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आली होती. या वर्षी घरात फराळ नव्हता, आकाशकंदील नव्हता. आजीला जाऊन सहा महिने झाले होते. आल्याबरोबर शाल्मली मागच्या अंगणात गेली आणि तिथेच थांबली. आजीच्या अबोलीच्या वाफ्यात ओळीने वाळलेल्या काड्या उभ्या होत्या. कडेचं एकच झुडूप जिवंत होतं. त्याचीही पानं खाली लोंबत होती.

ही अबोली आजीने देवगडहून, माहेराहून आणली होती. तिला वास नसतो. पण आजी म्हणायची, "वास नसला म्हणून काय झालं? माझा वळेसर दोन दिवस ताजा राहतो. तुमचा मोगरा बघा संध्याकाळी." वळेसर म्हणजे अबोलीचा गजरा. आजी रोज करायची. तिचा पिवळा दोरा अजून खिडकीच्या गजाला गुंडाळलेला होता.

"आबा, तुम्ही पाणी घालत नाही का?" शाल्मलीने विचारलं होतं.

"रोज घालतो." आबांचा आवाज चढला. "सकाळी एक कळशी. पानं मान टाकायला लागली तशी संध्याकाळीही एक. दवाखान्यात तिने मला तेवढंच सांगितलं होतं. अबोलीचं पाणी चुकवू नका. मी एक दिवस चुकवलं नाही."

वाफ्याची माती वरून कोरडी होती. तिला बारीक भेगा पडल्या होत्या. पाणी रोज मिळतं, तरी पानं तहानलेली. मग पाणी जातं कुठे? हे कोडं सुटेना, म्हणून त्यांनी वळवळ्याला आत पाठवलं. आणि पाणी कुठेच गेलेलं नव्हतं.

"बाहेर ये," आबा म्हणाले.

वळवळ्या वर आला तेव्हा शाल्मलीने नाक दाबलं. त्याच्या अंगाला काळा-निळा चिखल होता आणि नासक्या अंड्यासारखा वास येत होता.

"शी! वळवळ्या, गटारात गेला होतास का?"

"उपप्रमुख, मी दिलेल्या ठिकाणीच गेलो होतो," वळवळ्या रागावून म्हणाला. "आत हवा नाही. मुळं आहेत, ती मऊ आहेत. एका मुळाला टेकलो तर त्याची साल निघून आली."

आबा वाफ्याच्या कडेला खाली बसले. चहाचा कप मातीत कलंडला, त्यांचं लक्षही नव्हतं.

"कुजली," ते म्हणाले. "मुळं कुजली."

"पण आबा, झाड तर तहानलेलं दिसतंय."

"मुळांना श्वास लागतो, शालू. मातीच्या कणांच्या मधे मोकळ्या जागा असतात. थोड्या जागेत पाणी आणि थोड्या जागेत हवा असली की मूळ खुशाल असतं. सगळ्या जागा पाण्याने भरल्या की हवा बाहेर. मूळ गुदमरतं, मग कुजतं. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं असतं आणि तहानेने मरतं."

शाल्मलीला हे पटायला वेळ लागला. पाण्यात उभं राहून तहानेने मरायचं! मग तिच्या लक्षात आलं.

"आणि ते तहानलेलं दिसलं की आपण..."

"आणखी एक कळशी घालतो," आबा म्हणाले.

आबा वाफ्याशीच बसून राहिले. वळवळ्या बादलीत आंघोळ करत होता आणि "द्रव, द्रव" असं पुटपुटत होता.

दुपारी आबा उठले. अंगणातली मूठभर काळी माती घेऊन त्यांनी ती पाण्यात मळली आणि तळहातांमध्ये वळली. तिची लांब शेवई झाली. शेवई तुटेना.

"तुझ्या शाळेजवळच्या वाळूची अशी शेवई होईल?"

"वाळूची? ती लगेच विस्कटेल."

"वाळूचा कण मोठा. पोत्यात बटाटे भरले तर मधे फटी राहतात ना, तशा फटी राहतात. त्यातून पाणी खाली जातं. आपली काळी माती म्हणजे चिकणमाती. तिचा कण डोळ्याला दिसत नाही, आणि तो गोल नसून चपटा, पापडासारखा. पापडांची ओली चळत एकमेकींना चिकटून बसते. फटी राहतात, पण इतक्या बारीक की त्यात शिरलेलं पाणी तिथेच धरून ठेवलं जातं. याला केशाकर्षण म्हणतात (बारीक फटीने पाणी ओढून धरून ठेवणे). त्यामुळे आपल्या मातीचा निचरा वाईट (निचरा म्हणजे जास्तीचं पाणी निघून जाणे)."

"पण आजीने तर खाली खडे घातले होते. मागच्या दिवाळीत, मी होते तेव्हा. मीच तिला आणून देत होते."

आबांना ते आठवत होतं. आजीने गुडघाभर खड्डा खणून घेतला होता. तळाला देवगडहून आणलेले जांभ्या दगडाचे लाल तुकडे पसरले. वर चांगली भुसभुशीत माती भरली आणि झाडांभोवती खोलगट आळं केलं. माहेरी सगळे असंच करतात, असं म्हणाली होती.

"वळवळ्या, खड्यांपर्यंत जा," आबांनी सांगितलं. "काय आहे ते बघ."

वळवळ्या नाखुशीने गेला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला. "प्रमुख, इथे तलाव आहे. खडे पाण्यात बुडाले आहेत. चारही बाजूंना भिंती. भिंतीतून पाणी बाहेर जात नाही."

"हौद!" शाल्मली ओरडली. "आजीने हौद बांधला!"

हे बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. आबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

पण आजूबाजूची सगळी माती चिकण असताना त्यात खड्डा खणून मोकळी माती भरली, तर दुसरं काय होणार? भोवतीचं पाणीही त्या मोकळ्या मातीत येऊन बसणार. बाहेर जायला वाट नाही.

"ठीक आहे," आबा एकदम म्हणाले. "हा वाफा असाच राहू दे. शेजारी नवा करू. आणि या वेळी खडे दुप्पट घालू. जाड थर. पाणी आपोआप खाली खड्यांत उतरेल."

शाल्मलीलाही ते बरोबर वाटलं. खडे म्हणजे मोठ्या फटी. मोठी फट दिसली की पाणी त्यात पडणारच. तिने परातीत खडे पसरायला घेतले, आबांना थर किती जाड हवा ते दाखवायला.

संध्याकाळी ती भांडी घासत होती. हातात चौकोनी स्पंज होता. तो तिने पाण्यात पूर्ण बुडवला आणि आडवा धरला. पाणी टपटप गळलं आणि थांबलं. तिला सहज वाटलं, बघू तरी. तो तसाच आडवा तिने परातीतल्या खड्यांवर ठेवला आणि वाकून कडेने खाली पाहिलं.

एक थेंबही पडला नाही.

तिने वाट पाहिली. खडे कोरडेच.

"आबा! आबा, इकडे या! खडे पाणी घेत नाहीत!"

आबा आले. त्यांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं, मग स्पंजला बोट लावलं. स्पंज चिंब होता.

"असं कसं?" ते म्हणाले. मोठा शास्त्रज्ञ माणूस, पण त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "खाली एवढी मोकळी जागा आहे."

"म्हणजे मोठी फट पाणी ओढत नाही," शाल्मली विचार करत म्हणाली. "तुम्हीच म्हणालात, बारीक फट ओढते. मग बारीक फटीतलं पाणी मोठ्या फटीत कशाला जाईल?"

आबा तिच्याकडे बघत राहिले.

"बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर. वरची माती पूर्ण भरून वाहायला लागेल तेव्हाच पाणी खड्यांत पडेल. तोवर ते खड्यांच्या वरच अडकून बसेल, म्हणजे मुळांतच. खडे घालून आपण चिखल खाली ढकलला नाही, वर आणला. तीस वर्षं मी मातीवर काम केलं, शालू. पण मंगळाच्या मातीत पाणी नव्हतं. मला हा प्रश्न कधी पडलाच नाही."

"आणि स्पंज उभा केला तर?" असं म्हणून तिने तो उचलला आणि खड्यांवर अरुंद कडेवर उभा धरला.

टप. टप. टपटपटप. परातीत धार लागली.

दोघेही दचकले. स्पंज तोच, खडे तेच. कोणी पिळलं नव्हतं, फक्त उभा केला होता.

"उंची!" आबा म्हणाले. "तळाशी थोडं पाणी नेहमी अडकणारच. त्या ओल्या थराची जाडी ठरलेली. स्पंज आडवा असला की सगळा स्पंजच त्या थरात येतो. उभा केला की थर खालच्या टोकाला राहतो आणि वरचा भाग मोकळा होतो. वरचं पाणी वजनाने खालच्याला ढकलून बाहेर काढतं."

"म्हणजे झाड खड्ड्यात नको. ढिगावर हवं."

"ढिगावर हवं," आबा म्हणाले. "उंच वाफा."

इतकं समजलं, पण आबा खिडकीतून जुन्या वाफ्याकडे बघत राहिले. कारण शेवटची अबोली त्या हौदातच उभी होती. तिला वाचवायचं तर वाफा खणून तिला बाहेर काढावं लागणार होतं.

"सकाळी खणू," शाल्मली म्हणाली.

"नाही."

"आबा, ती मरेल."

"तो वाफा तिने हाताने भरलाय, शालू. खडे तिने एकेक करून लावलेत. तिथे कुदळ लावायची नाही." ते आत निघून गेले. जाताना सवयीने ओट्यावर दोन कप काढून ठेवले, मग एक परत फडताळात ठेवला.

सकाळी पानं आणखी लोंबलेली होती. शाल्मलीने आबांना न विचारता देवगडला कुंदाआजीला फोन लावला. ही आजीची धाकटी बहीण. भिंतीवरच्या पडद्यावर तिचा चेहरा आला. मागे नारळाची बाग होती.

शाल्मलीने सगळं सांगितलं. आबा दारात उभे राहून ऐकत होते. कुंदाआजीने मधेच कपाळावर हात मारला.

"हौद? अगो बाय माझे! भावोजीनू, ऐकतास मां? आमच्या तांबड्या मातयेत पाणी रवता खंय? घातला की गेला खाली. म्हणान आम्ही खड्डो करतंव, आळा करतंव, पाणी धरून ठेवूक! तुमच्याकडे पाणी जातच नाय, आणि ताईन थंयसुद्धा आळा केल्यान?"

ती आधी हसली, मग डोळे पुसायला लागली.

आबा पुढे आले. "म्हणजे ती चुकली नव्हती," ते म्हणाले.

"चुकता कशी? देवगडात बरोबर होता ता. माती वायली (वेगळी)." कुंदाआजीने नाक पुसलं. "आणि ताईक कळला असता तर पयली कुदळ तिनाच घातली असती. तुमका विचारलानसुद्धा नसता."

हे खरं होतं. आजीने आबांना विचारून कधी काही खणलं नव्हतं.

आबांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "शालू, कुदळ आण."

"लगेच खणायचं?"

"झाड आजच काढू. पण नव्या वाफ्याची माती ओली असताना तुडवायची नाही. तुडवली की पापडांची चळत आणखी घट्ट बसते. कोपऱ्यातली माती बघ, मुठीत दाबली की गोळा होते आणि बोटाने टोचली की फुटते. हा वापसा." ते जरा थांबले. "माझे वडील शेतात रोज हाच शब्द म्हणायचे. वापसा (मातीत पाणी आणि हवा दोन्ही हवी तेवढी असणे). लहानपणापासून ऐकलेला शब्द. मी मंगळावर जाऊन आलो आणि तो इथेच विसरलो."

"तुम्ही कुठे गेला होतात मंगळावर? वळवळ्याचे भाऊ गेले होते."

"गप बस आणि घमेलं धर."

शाल्मलीने विचारलं की मातीत वाळू मिसळली तर फटी मोठ्या होणार नाहीत का. आबांनी आधी चिखलात थोडी वाळू कालवून एक वडी केली आणि उन्हात ठेवली. दुपारी ती दगडासारखी झाली. शाल्मलीने जमिनीवर आपटली, तरी फुटली नाही. "थोड्या वाळूने वीट होते," आबा म्हणाले. "फटी उघडायच्या तर खूप म्हणजे खूप वाळू लागेल. त्यापेक्षा जुनं शेणखत आणि कुजलेला पाला. त्यात जिवाणू राहतात (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव). त्यांचा चिकट डिंक मातीच्या कणांना धरून त्यांच्या कण्या करतो. पीठ असेल तर पाणी अडतं, रवा असेल तर वाट मिळते. आपल्याला पिठाचा रवा करायचाय."

त्यांनी अंगणाच्या उंच बाजूला माती सैल केली, त्यात शेणखत आणि पाला मिसळला, आणि कमरेच्या खाली येईल एवढा लांबट ढीग केला. तळाला खडे घातले नाहीत. ढिगाच्या बाजूने उताराची चर काढली, जास्तीचं पाणी लिंबाच्या झाडापलीकडे जाईल अशी.

मग आबा आजीच्या वाफ्याशी गेले. पहिली कुदळ त्यांनी हळू घातली. अबोली मातीच्या गोळ्यासकट निघाली. काळी, बुळबुळीत मुळं शाल्मलीने कात्रीने कापली. आत, मधोमध, थोडी पांढरी मुळं होती.

"आहे," आबा म्हणाले. "अजून आहे."

झाड उंचावर लावलं. पानं निम्मी छाटली, म्हणजे थोड्या मुळांवर भार पडणार नाही. वर सावलीला जुनी साडी बांधली. खालच्या खड्ड्यातून आबांनी जांभ्याचे लाल तुकडे एकेक करून काढले, धुतले आणि नव्या वाफ्याभोवती कडेला ओळीने लावले.

"पाणी?" शाल्मलीने विचारलं.

आबांनी कळशी उचलली. मग ती खाली ठेवली. बोट मातीत खोल घातलं. "आता नको," ते म्हणाले. हे म्हणायला त्यांना जड गेलं, ते शाल्मलीला दिसलं.

सुट्टी संपली. शाल्मली पुण्याला गेली तेव्हा अबोली जगणार की नाही ते कळत नव्हतं. फोनवर आबा रोज एवढंच सांगायचे, "आहे." सकाळी ते अजूनही वाफ्याशी जातात, असंही त्यांनी सांगितलं. बोट घालून बघतात, वळवळ्यालाही आत सोडतात. बहुतेक दिवशी पाणी लागत नाही. तरी थोडा वेळ उभे राहतात.

संक्रांतीला ती परत आली. फाटक उघडून सरळ मागे गेली. लाल दगडांच्या मधे, काळ्या मातीवर, अबोली ताठ उभी होती. शेंड्याला नवी पानं आणि एका तुऱ्यावर दोन फुलं.

शाल्मलीने एका फुलाला अलगद बोट लावलं. आबा मागे उभे होते.

"आबा, मंगळावर शेती करायची झाली तर वाफा केवढा उंच लागेल?" ती शेवटी म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

आबांना हसू आलं. "छान विचारलंस. तिथे ग्रहाची ओढ कमी. वरचं पाणी खालच्याला इतक्या जोराने ढकलणार नाही. म्हणजे ओला थर इथल्यापेक्षा दुपटीहून जाड. तेवढाच वाफा उंच. तू तिथे जाशील तेव्हा विसरू नकोस. पहिली तुकडी गेली की खड्डे खणत बसेल, तू ओरड त्यांना."

तेवढ्यात घंटा वाजली. तीच. दोघांनी एकदम दचकून वाफ्याकडे पाहिलं. पुन्हा पाणी?

"प्रमुख!" वळवळ्याचा आवाज थरथरत होता. "खोली एक वीत. पाणी बेताचं. हवा भरपूर. पण समोर कोणीतरी आहे. लांबट. मऊ. माझ्यासारखं. ते... ते हलतंय."

आबा आणि शाल्मली गुडघ्यांवर बसले. आबांनी दोन बोटांनी माती अलगद बाजूला केली. तिच्या कण्या रव्यासारख्या सुटल्या. आत एक खरं गांडूळ होतं, गुलाबी, ओलसर. वळवळ्याच्या गिरमिटाला वळसा घालून ते आपल्या वाटेने पुढे गेलं. मागे एक बारीक बोगदा राहिला, हवा आणि पाणी जायला.

"जीव सापडला आहे," वळवळ्या म्हणाला. "ही फार मोठी बातमी आहे. पृथ्वी केंद्राला कळवू का?"

आबांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"कळव," ते म्हणाले. "आधी देवगडला कळव."